बंबामागचं फडकं

एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई माझ्या पोटरीला घासून गेल्ती. महिना उलटला तरी जखम भरेना, तेव्हा मला डॉक्टरीणबाईंचाच संशय यायला लागला. मलम पाण्यासारखं पातळ, आणि बाई दर खेपेला नुसती मान हलवायच्या. मंग बायकोवरही डोळा ठेवला. पट्टी बांधताना ती काय लावते, ते मी वाकून बघायचो.

माझ्याकडून हयगय बिलकुल नव्हती. आमच्या गावी, धावड्याला, जुवानं बैलाचा खांदा सोलला की तो रगत येईपर्यंत घासायचे. तसंच मी रोज सकाळी न्हाणीत कडुलिंबाच्या पाण्यात फडकं बुडवून जखमेवरचा लाल, दाणेदार थर पुसून काढायचो. फडक्याला कुणी हात लावू नये म्हणून ते बंबामागं दडवायचो.

एक दिवस बायको दवाखान्यात सोबत आली. पट्टी सोडताच डॉक्टरीणबाई चिडल्या.

"भाऊ, जखमेत शरीर आधी जाळी विणतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जाळीत येऊन बसतात. आता जंतूंशी लढायचं की जखम सांधायची, हे त्यांना त्या जाळीवरूनही कळतं. तुमची जाळी रोज कोण तोडून राह्यलंय? त्या बिचाऱ्या नुसत्या लढूनच राह्यल्या!"

मी सरळ बायकोकडं बोट केलं. "हिला विचारा. पट्टी हीच बांधते."

तिनं पिशवीतून माझं फडकं काढलं आणि टेबलावर पसरलं. रगताचं, न धुतलेलं. ती किती दिवसांपासून माझ्यावर डोळा ठेवून होती, ते मी आजवर विचारलेलं न्हाई.