गोपाल तसा नाही

मारेगावजवळच्या त्या गावात नवऱ्यानं हात उगारला की बायका आधी कोकिळाबाईंकडे धावत. बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गावातली हातभट्टी त्यांनीच बंद पाडली होती. दारू सुटली की मार सुटतो, असं त्या म्हणत, आणि बऱ्याच घरांत ते खरंही ठरलं होतं.

त्यांचा मुलगा गोपाल तर सुपारीसुद्धा खात नसे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानंच त्यांना रोज आंघोळ घातली होती. त्यामुळे सून निशिगंधाच्या गालावर वळ दिसला, तेव्हा दाराची कड लागली असेल, असंच कोकिळाबाईंना वाटलं. पुढं एकदा तिचा ओठ फुटला. "रागीट आहे थोडा, पण मनाचा साफ आहे पोरगा," त्या शेजारणीला म्हणाल्या. शेजारणीनं खरं तर काहीच विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी त्या कापूस वेचून लवकर घरी आल्या. निशिगंधा माहेरी फोनवर बोलत होती. गोपालनं फोन हिसकला आणि तिचा हात मागं पिरगळला. ती ओरडून खाली बसली. दारात आई दिसताच तो म्हणाला, "माय, पडली ना हे."

"हो, पडली," कोकिळाबाई म्हणाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. परत येताना ऑटोत त्यांच्या मनात आलं, न्हाणी तर घराच्या मागं आहे, आणि ही पुढच्या खोलीत पडली. पडली?

चार दिवसांत निशिगंधाचा भाऊ तिला मुकुटबनला, माहेरी घेऊन गेला. कोकिळाबाई तिळाचे लाडू घेऊन तिला आणायला गेल्या.

"घरी चाल बाई. गोपाल धड जेवत नाही."

"आई, त्या दिवशी तुम्ही काय पाह्यलं?"

"हात पाह्यला. गोपालचा. तुले धरलेला." त्या अडखळल्या. "पण गोपाल तसा नाही ना!"

"मंग तो कोण होता?"

"मले नाही समजून राह्यलं, पोरी."

निशिगंधानं प्लास्टर नसलेल्या हातानं त्यांना चहा दिला. आली मात्र नाही. महिन्याभरात तिनं पोलिसांत तक्रार केली आणि कोकिळाबाईंना जबाबासाठी बोलावणं आलं. गोपालच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेला.

"हात पिरगळला त्यानं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पडली बी असन थे."

"मावशी, यातलं नेमकं काय लिहू?" हवालदारानं विचारलं.

"दोन्ही लिहा."

बाहेर आल्यावर पायरीशी गोपालनं त्यांना आधार द्यायला हात पुढं केला. कोकिळाबाईंनी आपला हात झटकन मागं घेतला. का घेतला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.