नंबर उशिरा लागायचा म्हणून

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे मास्तर म्हणत, आणि ही पदवी आपण कात्रीच्या जोरावर कमावलीय, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आरसा पुसायला स्टुलावर चढला, तोल गेला आणि उजवं मनगट मोडलं, तेव्हाही त्याला पहिली काळजी वाटली ती गल्लीतल्या डोक्यांची.

"आता माणसं जटा वाढवून फिरणार," तो बायकोला म्हणाला.

"फिरू देत. तुम्ही गप पडून राहा."

मनगटाला प्लास्टर घातलं, आणि बोटं आखडू नयेत म्हणून व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येऊ लागल्या. फी विचारली तर नुसत्या हसायच्या. शेजारून जेवणाचा डबा यायचा. 'कलावंताची कदर करतात हो लोक,' असं म्हणत मास्तर डबा चाटूनपुसून साफ करायचा.

प्लास्टर निघाल्यावर तो दुकानाकडे गेला. शटर बंद, पण बाहेरचं बाकडं गच्च भरलेलं. मास्तरचा ऊर भरून आला. मग त्याची नजर डोक्यांवर गेली. एकजात सगळ्यांचे केस सुबक कापलेले! कोपऱ्यावरच्या नव्या सलूनची करामत.

"केस तिकडे कापता, मग बसायला इथे कशाला?"

म्हाताऱ्या कंपाउंडरने सरकून जागा केली. "तिकडे गेल्या गेल्या नंबर लागतो हो. बोलायचं कधी? तुमच्याकडे कसं निवांत असतं."

"आणि माझा हात?"

"हात प्रेमळ आहे. कानाला जरा लागतो, एवढंच."

सगळे खो खो हसले. व्यायामाच्या बाई कंपाउंडरच्या सुनेची बहीण, आणि डब्याच्या पाळ्याही याच बाकड्यावर ठरल्या, हेही तेव्हाच कळलं. मास्तरचं तोंड एवढंसं झालं. रुसून निघणार होता, पण बाकड्यावरचा शिंपी कुणाच्या तरी आजारी आईसाठी दिवसभर थांबणारी बाई शोधत होता, आणि तशी एक मास्तरच्या माहितीत होती. रुसायचं राहूनच गेलं.

दुकान उघडल्यावर त्याने दोनातली एक खुर्ची काढून आत दुसरं बाकडं टाकलं.

"इतकी वर्षं मी बाकडं चालवत होतो," तो बायकोला म्हणाला, "मधूनमधून केस कापत होतो, झालं!"

"मला ठाऊक होतं. पोरांचे केस मी घरीच का कापायचे?"

पुढे एकदा नवा सलूनवालाच दारात उभा राहिला. भावासाठी भाड्याची खोली हवी होती. मास्तरने दोन माणसांना विचारून संध्याकाळपर्यंत मिळवूनही दिली.

"आलाच आहात तर बसा खुर्चीत, केस कापून देतो."

त्याने झटकन डोक्यावर हात ठेवला. "नको नको, मी आपला बाकड्यावर बसतो."

मास्तरने हसत हसत चहा सांगितला.