तापाचा निरोप

राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला की मला ती सकाळ आठवते. माझा थोरला लेक तेव्हा साकोलीच्या मिलमध्ये कामाला जायचा, आणि दारू प्यायला की दुसऱ्या दिवशी उठायचाच नाही. मुकादम बोलवायला आला की मी दारातूनच सांगायची, "ताप हाये जी त्याले." त्या सकाळी मी घर सारवत होते, हात शेणानं भरलेले. बाहेर मुकादमाची मोटरसायकल थांबली, तसा तो अंथरुणातूनच म्हणाला, "माय, ताप हाये म्हण ना व." मी हात न थांबवता म्हटलं, "तुयासाठी रोज भात रांधीन, पण लबाड नाही बोलणार आता. तूच जाऊन सांग." तो ओल्या जमिनीवर पाय उमटवत दारापर्यंत गेला आणि मान खाली घालून खरं काय ते बोलला. काम गेलं. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी वाढलेला भात तेवढा जेवला. आता दुसऱ्या मिलमध्ये आहे. आज सकाळी त्यानं अंथरुणातून तिथल्या मुकादमाला स्वतःच फोन लावून सांगितलं, "ताप हाये, येत नाही." माझा हात आपोआप त्याच्या कपाळावर गेला. कपाळ चांगलंच भाजत होतं. लेकाला ताप आला म्हणून जीव हलका होणारी आई मीच असेन.