पी, वी, टिंकल आणि आमची बाई

सन २०१८. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि बाई कमरेत वाकून, कान पोराच्या तोंडाशी नेऊन विचारत होती, "काय म्हनते राजा? तुह्या घरचं सांग."

दिल्लीत मयूर विहारमध्ये एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळमजल्यावर चार खोल्यांची लहान मुलांची शाळा होती. मी तिथे गेटवर. त्याआधी छत्तीस वर्षं सरकारी हापिसात चपराशी. साहेबाच्या दाराशी चिठ्ठीशिवाय मी मंत्र्याच्या मेहुण्यालासुद्धा आत सोडलं नाही. रिटायर झाल्यावर सून म्हणाली, "बाबा, आता आराम करा ना." म्हटलं, बिल्कुल नाही, मला बसून चहा पचत नाही. शिक्षण माझं चौथी. ते मी लपवत नाही, आणि त्यावर कुणी हसलं तर खपवूनही घेत नाही.

बाईकडे काम मुलांना बाथरूमला न्यायचं. मूळची अमरावतीकडची, राहायला गाझियाबाद. नवऱ्याचा हात मानेसरच्या कारखान्यात मशीनमध्ये गेला होता, तेव्हापासून घर तिच्या एकटीवर. तिचं नाव लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मुलांना मोरीवर न्यायचं, त्यात बघण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. आमच्या गावात या गोष्टीला एकच शब्द होता, बैलाला तोच आणि सरपंचालाही तोच. शहरात आलो तेव्हा डॉक्टरसमोर 'लघवी' म्हणायला शिकलो. इंग्रजीत एक शब्द असेल, फार तर दोन, असा माझा समज. तो बाईनं मोडला.

ॲडमिशनच्या दिवशी मुलांच्या आया फॉर्म भरत बसायच्या, आणि ही एकेकीला खांबाआड नेऊन विचारायची, "घर में बच्चा क्या बोलता है?" मोठमोठ्या कंपन्यांतल्या बायका, पण लाजून लाल व्हायच्या. कुणी म्हणायची 'पी', कुणी 'वी-वी'. बाईला लिहिता येत नव्हतं. छत्तीस मुलांचे शब्द तिच्या डोक्यात, एकाचा दुसऱ्याला कधी लागला नाही.

दुपारी डबा खाताना ती मला समजावून सांगायची.

"पी म्हंजे साधं जी भाऊ. मायबाप दोघंबी हापिसात. वी म्हंजे मामा नाय तं मावशी विलायतेत हाय. नंबर वन म्हंजे घरात आजी हाय, तिच्यासमोर नाव घेता येत नाही. अन् टिंकल म्हंजे लेकरू पुस्तकात वाचून वाढवलेलं."

"पण अर्थ एकच ना?"

"पानी एकच. घर येगळं."

एकदा गेटवर एक बाप फोनवर मित्राला हसत म्हणाला, दोन मिनिटं थांब, लीक घेऊन येतो, आणि आत बाथरूमकडे वळला. मी बाईला विचारलं, हे काय नवीन? तिनं एका टीचरकडून माहिती काढली. "तो शब्द बाप्यांचा हाय, दोस्तादोस्तांतला. सासऱ्यासमोर बोलाचा नाही. पोरगं बोललं तं मायला शाळेत बोलावतीन."

"आणि तो लाल बुटांचा? तो काय म्हणतो?"

"तो काहीच नाही म्हनत. एका पायावर उभा राहते."

असं चाललं होतं. मग शाळा चालवायला नव्या मॅडम आल्या. त्यांनी बाथरूमच्या भिंतीवर पाटी लावली, आणि यापुढे सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं असं ठरवलं: मे आय गो टू द वॉशरूम, प्लीज. वाक्य पूर्ण झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. माझी खुर्ची बाथरूमच्या दारापासून चार पावलांवर. मॅडम मला म्हणाल्या, "काका, आप तो पढ़े-लिखे हैं. आप ध्यान रखिए."

पढ़े-लिखे! अडुसष्ट वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी आठ दिवसांत पाठ केलं, सुनेला दहा वेळा म्हणून दाखवलं. आणि मग पोरांकडून घोटून घ्यायला लागलो. एकही शब्द गाळू देत नव्हतो.

बाई काही ऐकायची नाही. माझी पाठ वळली की पोराला आत सरकवायची. "भाऊ, वाक्य मोठं हाय अन् लेकरू लहान हाय," म्हणायची. मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम. मी दोनदा तिची तक्रार केली. तिसऱ्या वेळी काही झालं तर काढून टाकीन, असं मॅडमनी तिला माझ्यासमोर बजावलं.

त्याच आठवड्यात पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका घरचा मुलगा शाळेत आला. साडेतीन वर्षांचा. बाई आत दुसऱ्या पोराचे कपडे बदलत होती. हा सरळ माझ्याकडे आला. मी गेटवर बसून घरच्यांशी फोनवर मराठी बोलतो, ते त्यानं ऐकलं असणार.

"आजोबा, शू."

मला कळलं. न कळायला काय झालं? तरी मी म्हणालो, "वाक्य म्हण."

"आजोबा, शू आली."

"मे आय... म्हण."

"मे आय," तो म्हणाला, आणि तिथंच झालं. माझ्या पॉलिश केलेल्या बुटांपर्यंत ओघळ आला. पोरगं रडलं नाही. खाली बघत उभं राहिलं.

बाई धावत आली. तिनं त्याला उचललं, तशी त्यानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. मागोमाग मॅडम. "ये तीसरी बार है. आप थीं कहाँ?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी गेटच्या कडीकडे पाहिलं.

"मेरा ध्यान नहीं था, मैडम," बाई म्हणाली.

त्याच दुपारी तिला काढलं. पिशवी घेऊन ती गेटपाशी आली. मला वाटलं, आता चार शिव्या हासडेल. मी तयारीत होतो, उलट उत्तरंही जुळवून ठेवली होती.

"त्याच्या मायला सांगजा भाऊ," ती म्हणाली, "चड्डी धुतली हाय, पन वली हाय. पिशवीत तशीच राहिली तं वास मारंन."

आणि गेली. मी तिच्यामागे गेट लावलं.

बाई परत आली नाही. मॅडमनी पुढे तिला परत ये म्हणून फोन केला होता. मीही गाझियाबादला तिच्या घरी जाऊन आलो. तिनं एका आजारी म्हातारीला सांभाळायचं काम धरलं होतं. "ती बोलत नाही भाऊ, नुसती डोळ्यानं सांगते. आत्ता कुठं कळाले लागलं. तिले कशी सोडू?" म्हणाली. मला चहा दिला. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मला काढू दिला नाही.

पण बाईला काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी काय केलं, ते लिहून थांबतो.

आठ वाजता गेटवर गर्दी होती. पुण्याचं पोरगं बापाची पँट धरून रस्त्यावरच अडलेलं, आत यायला तयार नाही. मॅडम दारात उभ्या राहून सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणत होत्या. मी खुर्चीवरून उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मैडम, कल ग़लती बाई की नहीं थी. बच्चे ने मुझसे कहा था. मैं समझ गया था, फिर भी जाने नहीं दिया."

"काका, अंदर बात करते हैं."

"नहीं जी. यहीं."

सगळे आईबाप बघत होते. मग मी त्या पोरासमोर गुडघे टेकले. साहेबासमोरही कधी टेकले नव्हते. म्हणालो, "चुकलं माझं. तू बरोबर सांगितलं होतंस."

त्यानं बापाची पँट सोडली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता पण आलीय."

मी गेट सताड उघडं टाकलं, त्याचा हात धरून आत नेलं, आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो. त्याचं झालं. पण चड्डीचं बटण त्याला लावता येईना, म्हणून मी पुन्हा खाली बसलो.