भिंगरीचं पथ्य

गुंडू गावडे माझ्या दारासमोरच्या खोलीत राहतात. गल्लीतले लहानथोर त्यांना गुंडूमामा म्हणतात. त्यांच्याविषयी एखाद्या लिहित्या माणसानं लिहायला हवं होतं. मी पोस्टात टपाल वेगळं करायच्या कामावर होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं या खणातून त्या खणात टाकण्यात नोकरी संपली. पण लिहिणारा कुणी आमच्या गल्लीत येईल असं दिसत नाही, म्हणून जमेल तसं सांगतो.

मामा मूळचे चंदगडकडचे. पोरवयात एका चुलत्याबरोबर कोल्हापूरला आले आणि खानावळीत भांडी घासायला लागले. भांड्यांवरून कांदे चिरण्यावर, तिथून वाटणावर, आणि मग कायमचे चुलीपुढे. तांबडा रस्सा पुष्कळांना जमतो. मामांचं नाव होतं ते पांढऱ्या रश्श्यासाठी. मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध ते असं मिसळायचे की कधी फुटायचं नाही, आणि वाटी तोंडाला लावली की खाली ठेववत नसे. इचलकरंजीचे यंत्रमागवाले सुट्टीला खास त्यासाठी गाडी काढून यायचे. मी मटण बेतानंच खातो, पण तो रस्सा मीही मागून घेतलेला आहे.

बायको धोंडुबाई काविळीनं गेल्या. मूलबाळ नाही. माणूस अबोल झाला होता, पण हातचं काम सुटलं नव्हतं.

खानावळीच्या मागच्या बोळात एक कुत्री असायची. मटण साफ करताना निघालेली चरबी, पातेल्याच्या तळाचं खरवडलेलं, असं मामा तिला टाकायचे. त्यावरच ती वाढली. एकदा शेजारच्या हॉटेलातल्या कुणीतरी तिच्या पाठीवर उकळतं पाणी फेकलं. ती केकाटत जागच्या जागी गरगर फिरत राहिली. मामांनी तिला ओल्या पोत्यात गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि घरी आणलं. त्या गरगरण्यावरून गल्लीनं तिचं नाव भिंगरी ठेवलं. जखम भरली, पाठीवर केस मात्र परत आले नाहीत.

पुढे खानावळ विकली गेली. मामा लग्नाकार्यातलं जेवण करून द्यायला लागले. भिंगरी दारात बसून त्यांची वाट बघायची. त्या दिवसांत मामा थोडे बोलायला लागले होते, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे.

मग ती ओकायला लागली. ओकायची आणि पुढचे पाय जमिनीवर पसरून, मागचं अंग वर उचलून तशीच राहायची. आम्हांला वाटलं, खेळायला बोलावते आहे. शेजारच्या बयाबाई तर टाळ्या वाजवून म्हणाल्या, "बघ बघ, नमस्कार घालतीया शाणी!" पोटातली कळ सोसायला कुत्रं असं करतं, हे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

डॉक्टर संयोगिता वयानं लहान, पण शांत. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि मामांना समोर बसवून म्हणाल्या, "हिच्या स्वादुपिंडाला सूज आहे. जुनी आहे. हे बरं होणारं नाही मामा, सांभाळायचं आहे."

"म्हंजी कशाला सूज?"

"जेवण पचवायचा रस जिथं तयार होतो, तिथं. हिचा तो रस आता हिलाच आतून जाळतो. पोटात चरबी गेली की भडका उडतो."

मामांनी भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आनि मी तिला आजवर चरबीच घातली."

"तुम्हाला कुठं माहीत होतं?" डॉक्टर म्हणाल्या. मामांनी ते ऐकलं नाही असं मला वाटलं.

तेव्हापासून पथ्य सुरू झालं. मऊ भात, उकडलेला दुधी, कातडं काढून उकडलेलं कोंबडीच्या छातीचं मांस. मीठ नाही, तेलाचा थेंब नाही. त्यात औषधाची भुकटी कालवायची आणि थोडं थोडं, दिवसातून पुष्कळ वेळा द्यायचं. उकडलेल्या मांसाच्या पाण्यावर चिकटपणा दिसला तर मामा ते ओतून देऊन पुन्हा उकडायला ठेवायचे.

बयाबाईंना हे बघवत नसे. "आख्ख्या कोल्हापूरला झणझणीत घालणारा गडी, आनि घरच्या कुत्रीला पिचपिचीत भात! आरं, कुत्री हाय का मठातला बुवा?"

"बुवा बी गुपचूप खात आसंल की अक्का. हिला त्ये बी जमत न्हाय," मामा म्हणायचे.

खरी अडचण गल्लीची होती. आमच्याकडे जीव लावायचा म्हणजे खायला घालायचं, दुसरी रीत लोकांना येत नाही. कुणी सायीचा गोळा आणायचं, कुणी लोण्याची भाकरी. मामांनी सगळ्यांशी भांडण घेतलं. "तोंडं वाकडी झाली तर हूं देत," म्हणाले. पुढेपुढे तर स्वयंपाकाची कामंही सोडत गेले, कारण हाताला मटणाचा वास राहायचा आणि भिंगरी बोटं चाटायची. एखादं काम घेतलंच तर आधी माझ्या मोरीत येऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, सदरा बदलायचे आणि मगच आपल्या दाराला हात लावायचे.

तिच्यासमोर चांगलंचुंगलं खाणं त्यांना जमेना, म्हणून तेही तिचाच भात खायला लागले. वर मीठ घ्यायचे एवढंच. दोघंही वाळत गेली. एवढं करूनही दुखणं उलटायचंच. महिना बरा जायचा, वाटायचं आता जमलं. आणि एक दिवस ती पुन्हा पुढचे पाय पसरून उभी असायची. पुन्हा सलाईन, पुन्हा सुया. अशाच एका खेपेनंतर रिक्षात ते मला म्हणाले, "मास्तर, मी हिला जगवतोय म्हंजी काय करतोय? उपाशी ठेवतोय. हिला वाटत आसंल, ह्यो म्हातारा माझ्या वायटावर हाय."

मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो, पण मामा मला मास्तर म्हणतात. 

आषाढात आमच्या गल्लीची त्र्यंबोली देवीची जत्रा असते. सनई-ढोलाचं पी-ढबाक वाजवत, नदीला आलेल्या नव्या पाण्याच्या घागरी घेऊन टेकडीवर जायचं, आणि परतल्यावर गल्लीचं मटण. एकत्र शिजतं आणि घराघरांतून माणसं डबे घेऊन आपापला वाटा न्यायला येतात. गेल्या खेपेला मामांनी नकार दिला होता. बाहेरच्या आचाऱ्यानं केलेला पांढरा रस्सा फुटला आणि वर्षभर त्याची थट्टा झाली. यंदा गल्लीच्या तालमीची पोरं मामांच्या दारात ठाण मांडून बसली. शेवटी बयाबाई मध्ये पडल्या.

"आईचं काम हाय गुंडू. न्हाय म्हनू नये."

"आनि भिंगरीला कोन बघंल?"

"मी मेलो न्हाय अजून. दुपारचा भात मी घालतो की," बयाबाई म्हणाल्या.

मामांनी बराच विचार केला. मग किल्ली त्यांच्या हातात दिली. पातेल्यातला भात दाखवला, औषधाची पुडी दाखवली. "ह्येच द्यायचं अक्का. तेल न्हाय, तिखाट न्हाय, हाडूक न्हाय. किती बी रडली तरी."

"दहांदा सांगू नगं. मला काय अक्कल न्हाय?"

त्या दिवशी मामा पूर्वीसारखे दिसले. मोठ्या पातेल्यापुढे उभे, खांद्यावर पंचा, पोरांवर ओरडणं. रस्सा उत्तम झाला. माणसं डबे भरून नेताना त्यांच्या पाया पडत होती. सगळं आटोपल्यावर ते पारावर टेकले. मी शेजारी बसलो होतो. तेवढ्यात बयाबाई हसत आल्या.

"गुंडू, आज जेवली बघ पोरगी!"

"भात खाल्ला?"

"नुसत्या भाताला तोंड लावंना. समद्या गल्लीत वास सुटलाय, ती दारावर पंजं मारतीया, रडतीया. तालमीच्या पोरांनी तिच्या नावचा बी वाटा काढलाता, म्हनली ती बी गल्लीचीच की. जत्रंदिवशी मुका जीव तळतळत ठेवू व्हय? दिला कालवून."

"कशात कालवून?"

"घाबरू नगं रं. तांबडा न्हाय दिला. पांढरा दिला. तिखाट न्हाय, तेलाचा तवंग न्हाय. दोन वाट्या. भांडं चाटून पुसून ठेवलंया."

मामांचा पंचा तोंड पुसता पुसता थांबला. बयाबाई आपल्या नादात बोलत होत्या. "मला चिकुनगुन्या झालतं तवा तूच न्हाय का रोज वाटी आनून पाजलास? म्हनलास, आजाऱ्याला ह्याच्यावानी औशिद न्हाय. म्या ध्यानात ठेवलंतं."

आमच्या भागात बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला पांढरा रस्सा देतातच. पांढरा म्हणजे सौम्य, पोटाला बाधणार नाही, असं कुणीही सांगेल. त्यात नारळाचं, तिळाचं तेल आणि मटणाची सगळी चरबी विरघळलेली असते, ती वर तरंगत नाही. मामांची कला तीच होती, चरबी दिसू न देण्याची. तेल-तिखट सांगताना पांढऱ्याचं नाव घ्यावं हे त्यांना सुचलं नाही. घरात ते कधी करतच नव्हते.

"बरं केलंस अक्का," मामा म्हणाले आणि उठले. मी मागोमाग गेलो.

भिंगरी पोट टम्म करून आडवी पडली होती. मामांना बघून शेपूट हलवली. इतकी निवांत ती मला कधी दिसली नव्हती. मामांनी डॉक्टरांना फोन लावला. काही खायला देऊ नका, सकाळी लगेच घेऊन या, असं त्या सांगत होत्या आणि मामा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत तिच्याकडे बघत होते.

सकाळी ती ओकून ओकून भिंतीला टेकली होती. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई लावता लावता विचारलं, "काय खाल्लंय?"

"पांढरा रस्सा."

"कुणी दिला?"

"मीच केलता," मामा म्हणाले.

त्यानंतर आम्ही रोज तिला घेऊन जायचो आणि संध्याकाळी परत आणायचो. सलाईन चालू असेपर्यंत मामा तिच्याशेजारी फरशीवर बसत. एक दिवस त्यांनी तिचा ओठ वर उचलून हिरड्या बघितल्या आणि मला म्हणाले, "ह्यो रंग म्या बघितलाय." हिरड्या पिवळ्या पडल्या होत्या. मला धोंडुबाई आठवल्या. 

डॉक्टरांनी आम्हांला आत बोलावलं. म्हणाल्या, "मामा, आता मूत्रपिंडंही साथ देत नाहीत. मी सुया चालू ठेवू शकते, पण दुखणं थांबवू शकणार नाही. तुमची तयारी असेल तर तिला झोपवता येईल. तिला कळणारसुद्धा नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, सांगा की. शिकल्यालं हाय तुमी."

 मी तिच्या पाठीवरच्या बिनकेसांच्या जागेवर हात ठेवून उभा राहिलो.

"डॉक्टरीनबाई, आता पथ्याचं काय उरलंय?" मामांनी विचारलं. "मटनाचा एक तुकडा घालू का? तिच्या मनासारखा?"

डॉक्टर हो म्हणाल्या. मामा स्वतः जाऊन जवळच्या हॉटेलातून घेऊन आले. पाण्यानं धुतला नाही, पिळला नाही. बोटांनी बारीक करून तिच्या तोंडापाशी धरला. ज्या कुत्रीनं वर्षानुवर्षं प्रत्येक ताटाकडे आशेनं बघितलं, तिनं नाक हलवलं आणि हळूच तोंड फिरवलं. मामांनी दुसऱ्या बाजूनं हात नेला. तिनं पुन्हा तोंड फिरवलं.

"झोपवा," मामा म्हणाले. तो तुकडा सगळं होईपर्यंत त्यांच्या मुठीत होता.

ओळखीच्या एकाच्या उसाच्या बांधाला तिला पुरलं. परतताना रिक्षात मामा एवढंच बोलले, "अक्काला सांगू नका. ती झुरून मरंल." बयाबाईंना वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचा मला धीर झाला.

बयाबाई दारातच होत्या. पदर तोंडाला लावून रडल्या. "कशानं गेली रं?"

"जुनंच दुखनं, अक्का. कवातरी व्हायचंच हुतं."

आता मामा कुणाचं काम घेत नाहीत. लग्नाची माणसं येतात, तेव्हा आता जमत नाही म्हणून परत पाठवतात. घरात चूल पेटत नाही. चहा आणि पाव, तोही अर्धा पडून असतो. बयाबाईंना त्यांची काळजी वाटते. रोज संध्याकाळी त्या त्यांच्या पायरीवर येऊन बसतात आणि समजूत काढतात.

"येवढं मातर बरं झालं बघ. जायच्या आदी येकदा तरी पोटभर जेवली. माझ्या हातनं जेवली. न्हायतर तू तर उपाशीच मारतास तिला."

"व्हय अक्का," मामा म्हणतात.

हे बयाबाई सगळ्या गल्लीला सांगतात, पाव्हण्यांनाही सांगतात. परवा मामांच्या खोलीत बसलो असताना मला राहवलं नाही. मामांना म्हटलं, एकदा सांगून टाका, तुमच्या मनावरचं ओझं तरी कमी होईल.

मामांनी मान हलवली. "मग तिच्याजवळ काय ऱ्हाईल मास्तर? तिला येकलीला तरी वाटतंय, आपन त्या जिवाचं कायतर भलं केलं. मला त्ये बी वाटत न्हाय."

 बाहेर बयाबाई गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या कुणाला तरी भिंगरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागल्या होत्या. त्या जत्रेपर्यंत आल्या, तसे मामा उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. पातळ फळ्यांचं दार आहे. आत सगळं ऐकू येत होतं.