केझायाचा पलंगपोस

आमच्या लिनेट आवारात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात फारसं चुकतही नव्हतं. दूधवाला पाणी घालायचा, नळाच्या पाण्याला वास यायचा, आणि टोपीवाला साहेब आवारात शिरला की आपलं काहीतरी जाणार हे शेंबड्या पोरालाही कळायचं. लीड्सच्या धुरात पाठीला पाठ लावून उभी असलेली आमची घरं, मध्ये एक नळ, कोपऱ्यात सगळ्यांचे मिळून तीन संडास. शेजारणीच्या घरात काय शिजलं हे भिंतीतून कळायचं, तरी दाराला कडी आणि मनाला कुलूप.

डोळे मिटून विश्वास टाकावा अशी एकच बाई होती, केझाया हर्स्ट. हाडापेरानं मोठी, तोंडानं फटकळ, विधवा. मूल अडलं की केझाया, आणि माणूस गेलं की पुन्हा केझायाच. ती मयताला आंघोळ घालायची, जबडा बांधायची, आणि मग आपला पांढरा संच काढायची. दोन चादरी, झालरीची उशी आणि वर तिच्या आईनं विणलेला पलंगपोस, पांढऱ्या लोकरीचा, निळ्या काठाचा. जन्मभर गोणपाटावर झोपलेला माणूससुद्धा पुरेपर्यंत त्या पलंगपोसाखाली उमरावासारखा पडायचा. रविवारी सुट्टीच्या दिवशी पुरायचं म्हणून तो तसा तीन-चार दिवस घरातच असायचा, आणि घरातली पोरं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. केझायाचा पलंगपोस मिळाला नाही तर मयताचा अपमान झाला, असं आम्ही मानायचो. चादरी ती दरवेळी उकळायची. पलंगपोस मात्र नुसता झटकून वाऱ्यावर टाकायची, कारण उकळला असता तर निळा रंग सुटला असता आणि लोकर आक्रसली असती.

फ्रान्समधली लढाई संपली त्या साली देवीची साथ आली. पहिला गेला म्हातारा बॅराक्लो. मग सगडनची म्हातारी साध्या खोकल्यानं गेली, पण तिला पुरून आले आणि काही दिवसांतच नातवंडांच्या अंगावर फोड उठले. थोरला सॅम त्यातच गेला. पुढे ॲक्रॉइडच्या घरी तीच तऱ्हा. रोग शेजारचं घर सोडून भलत्याच दारात उडी मारत होता. प्रत्येकाला वाटायचं, कुणीतरी हे करतंय.

पहिला संशय साहेबावर गेला. पालिकेचा आरोग्य निरीक्षक, मिस्टर टॉफम त्याचं नाव, पण आम्ही त्याला नाकाड्या म्हणायचो. तो संडासात नाक खुपसायचा, गटारात काठी घालायचा, भिंतींना चुना मारायला लावायचा आणि आजाऱ्यांचं अंथरूण गाडीवर टाकून पालिकेच्या भट्टीत भाजायला न्यायचा. अंथरूण परत येई ते करपलेलं, किंवा येतच नसे. म्हणून तो दिसला रे दिसला की पलंगपोस भिंतीवरून पलीकडच्या अंगणात जायचा, तिथून पुढच्या. सगळ्या बायका या कामात एक होत्या, मीसुद्धा. घाण साहेबाच्या डोळ्यांत, आमच्या पलंगपोसात कसली, असं आम्हाला वाटायचं.

दुसरा संशय नोरा कलनवर. आयरिश, तोंडावर देवीचे जुने व्रण, आणि काम चिंध्यांच्या गिरणीत. परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या गासड्या फोडून ती लोकर निवडायची. साथीच्या सुरुवातीलाच तिचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून मेला, तेव्हा ती केझायाकडे पलंगपोस मागायला आली होती. केझायानं दारातूनच नाही म्हणून सांगितलं. चिंध्यांच्या घरात माझ्या आईची वस्तू जायची नाही, म्हणाली. आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. पुढे नोराच्या दारावर कुणीतरी खडूनं फुली मारली.

एका सकाळी नळावर केझायानं तिला सगळ्यांसमोर गाठलं.

"तुझ्या चिंध्यांतून आलंय हे," केझाया म्हणाली. "मेलेल्या शिपायांचे कपडे निवडतेस आणि त्याच हातांनी आमच्या नळाला हात लावतेस."

नोरानं बादली खाली ठेवली. "माझ्या चिंध्यांतून आलं असतं तर आधी माझी पोरं गेली असती, हर्स्टबाई. ज्या घरात मयत झालं, त्या घरात हे मागून शिरलं. मयत माझ्याही घरात झालं. तुम्ही पलंगपोस दिला नाहीत, नवरा उघड्या फळीवर ठेवला मी. मान नाही मिळाला, पण देवानं पोरं ठेवली. फेडतो तो कुठेतरी."

तिला फक्त टोमणा मारायचा होता. पण केझायाचा चेहरा उतरला. तिची बादली भरून वाहू लागली, पाणी तिच्या बुटांवरून गेलं, तरी तिनं नळ बंद केला नाही. आमच्याकडे नळाला पाणी घटकाभरच यायचं, ते असं वाया घालवणाऱ्या बाईला एरवी केझायानंच फाडून खाल्लं असतं. मला तेव्हाच शंका आली की हिला काहीतरी कळलंय.

त्याच आठवड्यात माझ्या भावाची लेक पॉली छातीत कफ दाटून गेली. लविनिया, माझी भावजय, रडून रडून आवाज बसलेली. तिचे तिघे मुलगे चुलीजवळ एकमेकांना चिकटून बसले होते. बायका जमल्या, सगडनची सूनही आली, आणि आम्ही केझायाची वाट बघत बसलो. ती आली ती नुसत्या चादरी घेऊन.

लविनियानं विचारलं, पलंगपोस कुठाय?

"आणला नाही," केझाया म्हणाली.

"म्हणजे आम्ही काय नोरा झालो का आता? माझी पॉली उघडी जाणार?"

नाकाड्यानं नेला, एवढं एकच वाक्य केझाया बोलली असती तर आवार त्याच्यावर तुटून पडलं असतं आणि तिचा मान जसाच्या तसा राहिला असता. आम्ही तर ते ऐकायला तयारच बसलो होतो.

"साहेबानं नेला असं सांगणार होते," ती म्हणाली. "येताना तेच घोकत आले. पण ही तीन पोरं बघितली. लविनिया, देवी माझ्या पलंगपोसातून फिरली गं. बॅराक्लोच्या अंगावरून उचलला आणि मी स्वतः घरोघर नेला."

सगडनची सून उठून उभी राहिली. "म्हणजे माझा सॅम?"

"हो," केझाया म्हणाली.

सगडनची सून तिच्या तोंडावर थुंकली. केझायानं तोंड पुसलं नाही. पॉलीला आंघोळ घातली, केस विंचरले आणि ती निघून गेली. लविनिया तिच्या पाठीवर ओरडली की आवारात माझी पोर तेवढी भिकाऱ्यासारखी निजवलीस.

दुसऱ्या दिवशी केझायानं अंगणात चूल पेटवून हंड्यात पलंगपोस उकळला. निळं पाणी गटारातून वाहत गेलं. काठीनं वर काढला तेव्हा तो आक्रसून पुठ्ठ्यासारखा झाला होता. टॉफमच्या गाडीवर तिनं तो आपल्या हातानं ठेवला. त्यानं दोनदा विचारून खात्री केली, चिमट्यानं उलटून पाहिला, आणि मग पुन्हा संडासाकडे वळला.

साथ उतरली. पलंगपोस गेला म्हणून, चुना मारला म्हणून, की मरायचे ते मरून झाले म्हणून, हे मी शपथेवर सांगणार नाही. माझे तिन्ही भाचे वाचले एवढं खरं. खडूची फुली मात्र नोराच्या दारावरून पुसली गेली आणि केझायाच्या दारावर आली. तिला पुन्हा कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही की मयताला. ती नळावर आली की बायका गप्प व्हायच्या, आणि लविनियानं तर तिच्याशी बोलणंच टाकलं. तिच्याकडे जायची ती एकटी नोरा. दोघी दारात बसून तंबाखू ओढायच्या, आणि काय बोलत असतील याचा आम्ही समोरून अंदाज करायचो.

बऱ्याच वर्षांनी केझाया गेली. नोरानंच बाह्या सारल्या आणि तिला आंघोळ घातली. आम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या, आत पाऊल टाकायला कुणी तयार नाही. फळीवर केझाया अंगातल्या जुन्या झग्यानिशी पडली होती.

मग मागून लविनिया आली. आम्हाला कोपरानं बाजूला सारून ती आत गेली. काखेत तिच्या लग्नातली चादर होती, पॉलीसाठीसुद्धा न काढलेली. ती तिनं नोराच्या हातात दिली.

"घाल तिच्या अंगावर," ती म्हणाली. "उकळलेली आहे."