कानसेन आणि टर्बोची गाडी

गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा रस्ता ‘कानसेन’ म्हणायचा. बॉनेट उघडायच्या आधीच तो सांगून मोकळा व्हायचा, बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय ते. खिशात रबरी नळीचा एक तुकडा असे. एक टोक कानात घालायचं, दुसरं इंजिनावरून फिरवायचं, की दुखणं हाती लागलंच म्हणून समजा. समोरच्या गॅरेजवाल्याने हवेची गळती शोधायला धूर सोडणारं यंत्र आणलं, तेव्हा कानसेन हसत म्हणाला होता, “हे दोन कान काय नुसते चष्मा अडकवायला दिलेत?”

अशा माणसाकडे त्याच्या धाकट्या बहिणीची गाडी आली. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि एक दिवसाआड त्याला डायलिसिसला न्यावं लागे. गाडी टर्बोची होती, धावायची झकास, पण गरम झाली की सिग्नलला उभ्या उभ्या तिचं डोकं फिरे. इंजिनाचा वेग एकदम वर चढायचा, मग खोल खाली जायचा आणि कधीकधी इंजिन गचकन बंदच पडायचं.

“दादा, काहीही कर, पण हिला नीट कर. हे मागच्या सीटवर मान टाकून बसलेले असतात, मागून हॉर्न वाजत असतात. मी नुसती किल्ली फिरवत बसते रे.”

“मी आहे ना,” कानसेन म्हणाला.

त्याने प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला, हवा मोजणारा सेन्सर दुसरा लावून पाहिला. गाडीला स्कॅनर जोडला, तर तो एकच सांगे: इंजिनात हिशेबाबाहेरची हवा शिरतेय. म्हणजे कुठेतरी पाइप फाटलाय. गळती असली तर फुसफुसणारच. त्याने नळी कानाला लावली, एकेका जोडावरून, एकेका पाइपवरून फिरवली. इंजिनाची धडधड ऐकू आली. फुसफुस कुठेच नाही.

“गळती नाही,” त्याने स्वतःला सांगितलं आणि इथेच तो फसला. गळती नाही म्हटल्यावर संशय थेट टर्बोवर, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावर गेला. त्याने आख्खा टर्बो उतरवला. बोटं भाजून घेतली, गंजलेल्या बोल्टांशी झोंबला. टर्बो हातात घेऊन फिरवला, तर तो गुमान फिरला. त्याच्यात काही खोट नव्हती. पुन्हा बसवला. इंजिन गार असताना गाडी शहाण्यासारखी चालली, आणि बहिणीची अडचण डोळ्यांसमोर असल्याने कानसेनने ती तशीच तिच्या ताब्यात दिली. गरम करून पाहायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण पुन्हा तेच दिसलं तर पुढे काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

दुपारी तिचा फोन आला. मागे हॉर्नचा कल्लोळ. “दादा, बंद पडली! चालूच होत नाहीये! टाकीपाशी ये, टाकीपाशी!”

“आलो, आलो,” म्हणत तो स्कूटरवर बसला आणि रेल्वे फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिथे ना गाडी, ना बहीण. त्याने फोन लावला, ती काहीतरी ओरडली, तो “हो, फाटकापाशीच आहे” म्हणाला आणि आणखी थोडा पुढे जाऊन शोधू लागला. शेवटी उलट दिशेला, पाण्याच्या टाकीखाली त्याला ती दिसली. चार अनोळखी माणसांनी गाडी ढकलून कडेला लावली होती. मेहुणे दार उघडं टाकून बसले होते, चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. त्यांना मोजूनमापून पाणी प्यायची परवानगी होती, आणि बहीण ओला रुमाल त्यांच्या ओठांवर टेकवत होती.

“टाकी म्हटलं मी! घसा फोडून टाकी म्हटलं!” तिला रडू आवरेना. “तुझं लक्ष कुठे असतं, दादा?”

कानसेनने खाली पाहिलं. त्याला ‘फाटक’ ऐकू आलं होतं. अगदी स्पष्ट.

तिला आणि मेहुण्यांना टॅक्सीत बसवून देऊन त्याने गाडी ओढत गॅरेजात आणली. बायको जेवणाचा डबा न्यायला आली होती. डबा तसाच होता.

“अहो, ऐकलंत का? जेवला नाहीत?”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. खूप दिवस तो असंच करत होता, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. त्याने इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं. इंजिनाचा वेग दाखवणारी सुई वरखाली नाचू लागली. मग त्याने रबरी नळी तिच्यापुढे धरली.

“हे घाल कानात.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काही नाही. कुठे फुसफुसतंय का, एवढंच सांग.”

तिने पदर खोचला आणि नळी कानात घातली. दुसरं टोक तो फिरवत होता. हवेच्या मोठ्या पाइपवर तिने मान हलवली, नाही. पुढच्या जोडावरही नाही. मग खाली, इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या लहान रबरी होजपाशी नळी जाताच ती दचकली.

“अगंबाई! इथे तर नुसता फूत्कार चाललाय. नळी नसली तरी ऐकू येतंय की!”

त्याने हात घालून होज चिमटीत दाबला. मडगार्डवर ठेवलेल्या दुसऱ्या तळव्याला इंजिनाची थरथर एकसारखी झाल्याचं कळलं. होजच्या खालच्या अंगाला चीर होती, रबर तापून मऊ पडलं की उघडणारी. कानसेन तिथेच वाकलेला राहिला. बायकोने इंजिन बंद केलं, आणि त्याचे खांदे हलताहेत हे दिसल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“मला नाही ऐकू आलं गं. काहीच नाही.”

नवा होज लागल्यावर गाडी पुन्हा अडली नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. कानाच्या यंत्राने लोकांचं बोलणं थोडं जास्त ऐकू येईल. बहिणीला त्याने घरी जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आधी बोलला असतास तर आम्ही त्या उन्हात बसलो नसतो.”

पुढच्या आठवड्यात एक जुनं गिऱ्हाईक चाकातून किरकिर येते म्हणून आलं. “काका, ऐका बरं जरा.”

“मला कमी ऐकू येतं,” कानसेन म्हणाला. “कशी येते, वळताना की ब्रेक दाबताना, तुम्ही सांगा. मी चाक खोलून बघतो.”

गिऱ्हाईक घुटमळलं. मग “येतो परत” म्हणून गाडी वळवून समोरच्या गॅरेजात घेऊन गेलं. कानसेन क्षणभर तिकडे बघत राहिला. नंतर जॅकवर चढवून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीचं चाक काढायला तो खाली बसला.